बाविसावी टेस्ट बिचारी निर्दोष होती

रात्री टेस्ट लावून झोपलो, सकाळी बघतो तर ६२ पैकी ४१ लाल आणि सगळ्यांवर एकच शेरा, टाइमआउट. आई चहा घेऊन आली, काय झालं म्हणून विचारलं, म्हटलं मशीन मेलं. "मेलं म्हणतोस आणि बसलायस की निवांत!"

शहापुरात घरी बसून एका क्लायंटच्या लिनक्स ड्रायव्हरच्या टेस्ट चालवतो मी, क्यूईएमयू नावाच्या सॉफ्टवेअरच्या व्हीएममध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या नकली मशीनमध्ये. २२व्या टेस्टला कर्नल पॅनिक झालं, म्हणजे व्हीएममधलं लिनक्सच कोसळलं, पण आमची स्क्रिप्ट शहाणी, मेलेल्या व्हीएमला उरलेल्या चाळीस टेस्ट विचारत बसली रात्रभर. आत लॉग लिहिला होता तो उघडला तर शून्य बाइट! लिहिलेलं अजून मेमरीतच होतं, डिस्कवर जायच्या आधी सगळं संपलं. मरणाऱ्याकडनंच पंचनामा लिहून घ्यायला गेलो होतो म्हणा की.

मग सिरियल कन्सोल, म्हणजे कर्नलचे मेसेज जिथं उमटतात तो, बाहेर होस्टवरच्या (खऱ्या मशीनवरच्या) फाइलीत वळवला, कुठली टेस्ट चालू होतेय तेपण आधी होस्टवर लिहायचं ठरवलं. पॅनिक झाल्यावर लिनक्स मुळात तसाच थिजून बसतो, म्हणून बूट करताना पॅनिक उणे १ दिलं, म्हणजे लगेच रीबूट, आणि क्यूईएमयूला नो-रीबूट, म्हणजे रीबूट करायला गेला की अख्खी प्रोसेसच बंद. स्क्रिप्टला दोन सेकंदात कळतं, गडी गेला. रिझल्टमध्ये पास, फेलच्या जोडीला "क्रॅश" हा तिसरा रकाना केला, हे पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं खरं.

तरी २२वी एकटी चालवली की पास, दहादा चालवली, दहादा पास, डोकं फिरलं. शेवटी सिरियलच्या फाइलीत कॉल ट्रेस, म्हणजे कोसळताना कुठला कोड चालू होता त्याची यादी, नीट वाचला तर टायमर! २१व्या टेस्टनं टायमर बंद न करताच मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कोड, कर्नलमधून काढलं होतं, तो तीन सेकंदानं वाजला तेव्हा त्याचा कोडच जाग्यावर नव्हता, आणि पाळी होती २२वीची.

आता प्रत्येक टेस्टला बेस इमेजवर, म्हणजे व्हीएमच्या मूळ डिस्कवर, नवीन क्यूकाऊ२ ओव्हरले (नुसते बदल लिहायची वेगळी फाइल), फ्रेश बूट, झाली की फाइल फेकून द्यायची. पण लगेच बंद नाही करायचं हां, नाहीतर टायमर वाजायच्या आतच व्हीएम जाते आणि २१वी हिरवी दिसते, म्हणून टेस्ट संपल्यावर दहा सेकंद नुसतं थांबतो.

काल पावसात लाईट गेली आणि होस्टच बसला, तो रकाना अजून केलेला नाही.