खालची खोली

"सर, ही ऑफर फक्त आजच, या टेबलवरून उठेपर्यंत." पेन माझ्या हातात दिलेलं, सही कुठे करायची तिथे फुली मारलेली, आणि शेजारी बायको एकदम गप्प.

टाइमशेअरचं प्रेझेंटेशन होतं, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक रात्री राहायचा हक्क आधीच विकत घ्यायचा; नवरा-बायको दोघांनी यायचंच अशी अट. ४ लाख भरायचे, २५ वर्षं, दरवर्षी ७ रात्री. मेंटेनन्स किती विचारलं तर म्हणे सध्या वर्षाला १८ हजार, "दरवर्षी थोडं वाढतं". थोडं म्हणजे किती, ते फॉर्मवर कुठेच नव्हतं.

मी तिथेच मोबाईलवर हिशोब केला, ४ लाख २५ वर्षांत वाटले की १६ हजार, वर मेंटेनन्सचे १८, म्हणजे वर्षाला ३४ हजार, म्हणजे रात्रीला जवळजवळ ४,८५०, त्यात जेवण नाही, आणि मे किंवा दिवाळीत हवं तर वरचा सीझन घ्या, त्याचे पैसे अजून वेगळे. आम्हाला तर शाळेला सुट्टी असेल तेव्हाच जाता येतं!

उठलो.

रात्री गुहागरच्या काकूंना फोन लावला. माडांच्या वाडीत त्यांच्या स्वतःच्या तीन खोल्या आहेत, २,५०० रुपये रात्र. मी तारखा सांगायच्या आधीच म्हणाल्या, "आईंचे गुडघे कसे आहेत रे? खालची खोली ठेवते, पायऱ्या नकोत त्यांना."

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. सकाळी दोन तास समोर बसलेल्या माणसाने पगार विचारला, कार्डचं लिमिट विचारलं, पण सोबत कोण येणार हे एकदाही नाही.

तुमच्यापैकी कोणी घेतलंय का? दहा वर्षांनी मेंटेनन्स किती झाला, खरं सांगा.