फोकलोरामाचे दोन आठवडे

सोमवार, रात्री

ऑगस्ट उजाडला की कॅनडातील विनिपेग शहरात संध्याकाळचा बेत ठरवताना घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो, "आज कुठल्या देशात जायचं?" फोकलोरामा हा येथील उत्सव दोन आठवडे चालतो आणि त्या काळात शहरातील शाळांची व्यायामगृहे, चर्चची सभागृहे, आइस हॉकीची मैदाने आणि निरनिराळ्या समाजांची आपापली सभागृहे एकेका देशाच्या किंवा समाजाच्या नावाने सर्वांसाठी खुली होतात. अशा प्रत्येक जागेला पॅव्हिलियन म्हणतात. तिकीट काढून आत जायचे, पाऊण तासाचा नाचगाण्याचा कार्यक्रम पाहायचा, त्या समाजातल्या बायका-पुरुषांनी रांधलेले पदार्थ विकत घेऊन खायचे, कडेला मांडलेल्या हस्तकलेच्या टेबलांपाशी थोडे रेंगाळायचे आणि पुढच्या खेळाची मंडळी दारात उभी राहण्याआधी जागा मोकळी करायची, असा हा शिरस्ता आहे. एका संध्याकाळी असे अनेक खेळ होत असल्यामुळे हौशी माणसे एकाच दिवसात तीन देश उरकतात. पूर्वी या उत्सवाचा एक पासपोर्ट मिळत असे आणि प्रत्येक पॅव्हिलियनमध्ये त्यावर शिक्का मारून घेता येई. आमच्या शेजारच्या आजींनी तसला एक पासपोर्ट अजून कपाटात जपून ठेवला आहे.

मॅनिटोबा प्रांताला १९७० मध्ये शंभर वर्षे झाली, त्या निमित्ताने हा उत्सव प्रथम भरवला गेला. पुढच्या वर्षी, १९७१ मध्ये, पंतप्रधान पियेर ट्रूडो यांनी कॅनडाचे बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केले आणि त्याचा कायदा व्हायला १९८८ साल उजाडले. म्हणजे सरकारी कागदावर शाई उमटण्याआधीच या गावाने पंगती मांडल्या होत्या, ही गोष्ट मला फार आवडते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी कोविडमुळे उत्सव झाला नाही, आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा पॅव्हिलियनची संख्या पूर्वीपेक्षा बरीच कमी होती. दोन वर्षे हात थांबले की काही समाजांना पुन्हा माणसे जमवणे अवघड जाते, कारण येथे सारा कारभार स्वयंसेवकांच्या जोरावर चालतो. साहित्याचा खर्च होतो, परंतु कांदा चिरणाऱ्याला मजुरी मिळत नाही.

या प्रकारच्या उत्सवांवर अभ्यासकांची एक जुनी टीका आहे. बहुसांस्कृतिकता म्हणजे साडी, सामोसा आणि स्टीलबँड एवढेच का, असे ते विचारतात. नोकरी देताना नाव वाचून अर्ज बाजूला ठेवणारा माणूस संध्याकाळी त्याच नावाच्या देशाचा पदार्थ चाखून टाळ्या वाजवतो, हे खरेच आहे. ही टीका मला अर्धीच पटते. रंगमंचापुरती ती पूर्णपणे लागू पडते, कारण पाऊण तासात कोणत्याही देशाचे होते तेच होते: झगमगीत कपडे, जोरकस ठेका आणि शेवटी प्रेक्षकांना नाचायला बोलावणे. स्वयंपाकघर आणि कडेची टेबले यांबद्दल मात्र मला तसे म्हणवत नाही.

बुधवार

कार्यालयातील फिलिपिनो मैत्रिणीच्या आग्रहावरून आज तिच्या समाजाच्या पॅव्हिलियनमध्ये गेले. या शहरातील मोठ्या समाजांपैकी हा एक आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून येथील कपड्यांच्या कारखान्यांना शिवणकामाचे हात हवे होते, त्यासाठी फिलिपिन्समधून कितीतरी स्त्रिया आल्या. परिचारिका त्याआधीपासूनच येत होत्या. नंतर एकेका घराने मागचे घर बोलावून घेतले. आज येथे तिसरी पिढी आहे, आणि तिला टिनिकलिंग नाचताना पाहणे हा माझ्या दृष्टीने त्या खेळातला एकमेव खरा थरार होता.

टिनिकलिंगमध्ये जमिनीवर दोन लांब बांबू आडवे ठेवतात आणि दोन्ही टोकांना दोघे जण बसून ते धरतात. बांबू दोनदा खाली आपटायचे आणि तिसऱ्या मात्रेला एकमेकांवर आपटायचे, असा तीन मात्रांचा ठेका असतो. नाचणाऱ्यांनी पहिल्या दोन मात्रांत पाऊल आत टाकायचे आणि तिसरीच्या आत बाहेर काढायचे. पायात काही नसते. सापळे चुकवत चालणाऱ्या टिकलिंग नावाच्या पक्ष्याची ही नक्कल आहे आणि नाचाचे मूळ लेते बेटावर सांगतात. मिझोरामचे चेराव ज्याने पाहिले आहे त्याला हा प्रकार परका वाटणार नाही. लय वाढत गेली तसे माझे लक्ष नाचणाऱ्यांवरून उडून बांबू धरणाऱ्यांवर गेले, कारण टाळ्या नाचणाऱ्यांना मिळतात, पण घोटा वाचवण्याची जबाबदारी बसलेल्या दोघांची असते. त्यातला एक मुलगा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा होता आणि संपूर्ण नाचात त्याने एकदाही प्रेक्षकांकडे पाहिले नाही.

जेवणात अदोबो घेतला आणि पहिला घास घेताच गोव्याची आठवण झाली. फिलिपिन्समध्ये माडाच्या ताडीपासून व्हिनेगर करतात, आणि आपल्याकडे गोव्यातही विंदालूचा खरा आंबटपणा माडाच्याच व्हिनेगरचा असतो. पदार्थाचे अदोबो हे नाव स्पॅनिश आहे, व्हिनेगरमध्ये मांस शिजवण्याची रीत मात्र स्पॅनिश लोक येण्याच्या आधीपासून त्या बेटांवर होती. विंदालूची हकीकत उलट आहे. नाव आणि रीत दोन्ही पोर्तुगिजांकडून आली, आणि गोवेकरांनी त्यात आपले मसाले व आपला माड घालून ती आपलीशी केली. हे सारे मी मैत्रिणीच्या आईला उत्साहाने सांगू लागले, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या ताटात आणखी एक लुंपिया ठेवली. त्यांच्यामागच्या टेबलावर चार जणी बसून पुढच्या खेळासाठी लुंपिया वळत होत्या. पातळ पारी, बोटभर सारण, घट्ट गुंडाळी आणि शेवटी कड चिकटवायला पाण्याचे एक बोट. बोलणे अखंड चालू होते, हात थांबत नव्हते. असे वर्षातून एकदा एकत्र बसणे घडते म्हणूनच आमच्या अर्ध्या भानगडी मिटतात, असे मैत्रीण हसत म्हणाली.

शनिवार

युक्रेनियन पॅव्हिलियन. नाच उत्तम होता, होपाकमधील बसून पाय फेकणाऱ्या उड्यांना नेहमीप्रमाणे सभागृह दणाणले, पिरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, नेहमीप्रमाणे संपत आल्या होत्या. लिहावेसे वाटते ते अंड्यांबद्दल.

पिसांका म्हणजे मेणाने रंग राखून चितारलेले अंडे. लाकडी दांडीच्या टोकाला बसवलेली पितळेची बारीक नरसाळी, तिला किस्तका म्हणतात, मेणबत्तीवर तापवायची, त्यात मधमाशीचे मेण भरायचे आणि पांढऱ्या अंड्यावर जेथे पांढरा रंग राहायला हवा तेथे रेघा ओढायच्या. मग अंडे पिवळ्या रंगात बुडवायचे. आता जेथे पिवळा राखायचा तेथे मेण लावायचे आणि नारिंगी रंगात बुडवायचे, मग तांबड्यात, आणि अगदी शेवटी काळ्यात. तोवर अंड्यावर काजळी आणि मेणाची इतकी पुटे चढलेली असतात की खालची नक्षी करणाऱ्यालाही दिसत नाही. सरतेशेवटी अंडे ज्योतीच्या कडेला धरून मेण वितळू लागले की मऊ कापडाने पुसायचे, आणि पुसत जाल तसे सगळे रंग एकदम उघडे पडतात. बाटिकचे तत्त्व हेच, पण कापड सपाट पसरता येते आणि फाटण्यापूर्वी थोडे सोसते, अंड्याचे तसे नाही.

त्या टेबलावर एक वयस्क बाई आणि एक तरुणी होती. बाईंचे आजी-आजोबा पहिल्या महायुद्धाच्या आधी गॅलिशियातून, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनच्या बाजूने, येथे शेती करायला आले. १८९१ पासून सुरू झालेल्या त्या पहिल्या लाटेत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे कॅनडात आली आणि त्यांपैकी पुष्कळांनी याच गवताळ प्रदेशात नांगर धरला. तरुणी खारकीव्हची, २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर आलेली. मी साहजिकच गृहीत धरले होते की शिकवणारी ती आणि शिकणाऱ्या बाई असतील. प्रत्यक्षात तरुणीने आयुष्यात पहिल्यांदा किस्तका हातात धरली ती विनिपेगमध्ये. सोव्हिएत काळात ईस्टरशी जोडलेल्या या कलेकडे वाकड्या नजरेने पाहिले जाई, त्यामुळे तिच्या घरातून ती केव्हाच गेली होती. कॅनडाच्या शेतकरी घरांत मात्र ती टिकली, कारण तेथे तिला हटकणारे कोणी नव्हते आणि लांबलचक हिवाळ्यात रात्री घालवायलाही काही हवे होते. बाईंचे युक्रेनियन बोलणे आपल्याला पणजीच्या काळातले वाटते, असे तरुणीने मला इंग्रजीत सांगितले. बाईंना ते ऐकू गेले असावे, कारण त्यांनी मान वर न करता तिला काहीतरी सुनावले आणि दोघीही हसल्या.

मला वाटते, परदेशातल्या अशा प्रत्येक सभागृहात दिसणारा देश हा निघून आलेल्या माणसांचा देश असतो, आणि ज्या वर्षी ती निघाली त्या वर्षी त्यांनी त्याची दारे आतून लावून घेतलेली असतात. आम्हा मराठी मंडळींचेही तेच आहे. गणपतीच्या कार्यक्रमासाठी येथे जी गाणी निवडली जातात, ती पुण्यातील माझ्या भाचरांना ठाऊकही नाहीत, आणि त्यांच्याकडे आज जे वाजते ते आमच्यापैकी कोणाला सोसवणार नाही. पूर्वी मला याची थोडी लाज वाटायची. त्या टेबलापाशी बसल्यावर वाटली नाही, कारण मागे राहिलेल्या मंडळींकडूनच हरवलेली गोष्ट कधी कधी या बंद दारांआड सापडते.

दुसरा आठवडा, मंगळवार

मेती लोकांच्या पॅव्हिलियनमध्ये फिडलच्या तालावर रेड रिव्हर जिग पाहिला. नाव ज्या नदीचे, ती याच शहरातून वाहते. फर व्यापाराच्या काळात येथील आदिवासी स्त्रिया आणि युरोपीय पुरुष यांच्या संसारांतून मेती हा स्वतंत्र समाज उभा राहिला, आणि ज्या मॅनिटोबाच्या शताब्दीसाठी फोकलोरामा जन्माला आला, तो प्रांतच लुई रिएल या मेती पुढाऱ्याच्या लढ्यामुळे १८७० मध्ये अस्तित्वात आला. पुढे १८८५ मध्ये कॅनडा सरकारने रिएलला फाशी दिली. ज्यांची ही भूमी, त्यांनी "निरनिराळ्या देशांच्या" रांगेत एक पॅव्हिलियन मांडून बसावे, ही व्यवस्था मला विचित्र वाटते. तेथे रंगीत कमरपट्टा बोटांनी विणून दाखवणाऱ्या गृहस्थांना मी हे विचारलेही. "आम्ही नाही मांडलं तर लोकांना वाटेल आम्ही उरलोच नाही," असे म्हणून त्यांनी पुढचा धागा ओढला. त्यांचा मुद्दा बिनतोड होता, तरी माझी अस्वस्थता गेली नाही.

गुरुवार

आज आमच्या मराठी मंडळाची बैठक झाली. पुढील वर्षी भारतीय कार्यक्रमात महाराष्ट्राच्या वाट्याला चार-पाच मिनिटे येतील, एवढ्या मोठ्या देशाचा पाऊण तास वाटायचा म्हटल्यावर त्याहून अधिक मागणेही बरे दिसत नाही. कोळीनृत्य ठरले. त्याला फारसा विरोध होण्याचे कारण नव्हते: टोपल्या येथे मिळतात, लुगडी आहेत आणि ठेका असा की शेवटी प्रेक्षकांना सहज ओढता येते. खाद्यपदार्थांत उकडीच्या मोदकांची सूचना आली आणि शेकड्यांनी मोदक कोण वळणार, असे वहिनींनी विचारताच मागेही घेतली गेली. कोथिंबीर वडी सर्वानुमते संमत झाली, कारण ती आदल्या रात्री उकडून ठेवता येते आणि तळायला एक माणूस पुरतो.

खरी चर्चा झाली ती माझ्या प्रस्तावावर, की नाचाबरोबर हस्तकलेचे एक टेबल आपण मागून घ्यावे. एका तरुण सदस्याने वारली चित्रकला सुचवली. तांदळाचे पीठ, गेरूचा रंग दिलेले कागद, बांबूची काडी, आणि वर्तुळ-त्रिकोण-चौकोन यांतून उभी राहणारी माणसे. पाहुण्यांना दहा मिनिटांत शिकवता येईल आणि जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ती जगाला माहीतही आहे. सगळे खरे होते. पण आमच्यापैकी एकही जण वारली नाही, डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कोणी राहिलेले नाही, आणि लग्नाचा चौक भिंतीवर लिहिणाऱ्या सवाशिणी आमच्यापैकी कोणी पाहिलेल्या नाहीत. बोटांनी कमरपट्टा विणणारे ते गृहस्थ मंगळवारपासून माझ्या डोक्यातून गेलेले नव्हते, म्हणून मी हरकत घेतली. तो सदस्य थोडा नाराज झाला. आपली कला जगापुढे न्यायला काय हरकत आहे, असे त्याने विचारले, आणि "आपली" म्हणजे कोणाची यावर पाऊण तास गेला.

शेवटी ठिपक्यांची रांगोळी ठरली, कारण ती बैठकीतल्या बहुतेक जणींनी स्वतःच्या अंगणात आईच्या शेजारी उकिडवे बसून काढलेली आहे आणि तिच्याबद्दल कोणी काही विचारले तर आमच्याकडे उत्तर असेल. सभागृहाच्या गालिच्यावर पूड सांडू देणार नाहीत, तेव्हा काळा रंग दिलेले प्लायवूडचे तक्ते टेबलांवर ठेवायचे. पंख्याच्या वाऱ्याने रांगोळी उडेल ही भीती एका काकांना वाटते, म्हणून टेबल कोपऱ्यात हवे असे अर्जातच लिहायचे आहे. मोठ्या माणसांना १३ ते ७ ठिपक्यांची रांगोळी द्यावी आणि मुलांना ५ ते ५ पुरे, असे माझे मत पडले. वहिनींच्या मते मुलांना ७ ते ७ सहज जमते, मोठी माणसेच ५ मध्ये अडकतात. रविवारी त्यांच्या गॅरेजमध्ये तक्ते कापून, रंग लावून बघू.