लंडनचं मत पोस्टाने, इंदूरचं मत विमानाने

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या इंदुरी माणसाचा पासपोर्ट भारतीय असेल, तर त्याला दोन देशांच्या संसदेसाठी मत देता येतं. घरच्या मंडळींना हे सहसा माहीत नसतं, आणि इथे राहणाऱ्यांपैकीही अनेकांना नसतं. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे वैध व्हिसावर इथे राहणारा भारतीय नागरिक ब्रिटिश मतदार यादीत नाव घालू शकतो. इथे मत दिल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. ते जातं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर.

२०२४ साली ही दोन्ही मतदानं एकामागून एक आली. इंदूरला १३ मे, इथे ४ जुलै. तेव्हा जो फरक ठळक दिसला, तो घरी कळायला हवा.

इथली नोंदणी ऑनलाइन होते. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर दिला की झालं. मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधीपर्यंत हे करता येतं. मतपत्रिका पोस्टाने हवी असेल तर ११ कामकाजी दिवस आधी अर्ज, आपल्या वतीने दुसऱ्याने मत द्यायचं असेल तर साधारणपणे ६ कामकाजी दिवस आधी. स्वतः जायचं तर केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडं असतं, आणि २०२३ पासून फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. राष्ट्रकुल देशाचा पासपोर्ट त्यात चालतो, म्हणजे आपला निळा पासपोर्टही. तोच पासपोर्ट रामबागेतल्या मतदान केंद्रावरही चालतो, पण तिथे तो घेऊन स्वतः हजर व्हावं लागतं. दुसरा कुठलाच मार्ग नाही.

इंदूरच्या यादीत नाव कसं राहतं, हे नीट समजून घ्या, कारण यातला अर्धा भाग घरच्यांच्या हातात आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० साली कलम २०-अ घातलं गेलं. त्यानुसार परदेशी राहणारा भारतीय नागरिक पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात ‘प्रवासी मतदार’ होतो. अर्ज फॉर्म ६ए. तो निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतो किंवा पोस्टानेही पाठवता येतो. सोबत फोटो, आणि पासपोर्टच्या तीन पानांच्या प्रती: फोटोचं पान, भारतातल्या पत्त्याचं पान, चालू व्हिसाचं पान. पोस्टाने पाठवायचं असेल तर प्रतींवर स्वतःची सही हवी. ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांना, हा हक्क नाही.

गाडी अडते ती पुढे. अर्ज गेल्यावर बीएलओ, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी, पासपोर्टवरच्या पत्त्यावर चौकशीला येतात. सुदामा नगरच्या घरात आई दार उघडते, ते विचारतात, “ये यहाँ रहते हैं क्या?” आई खरं तेच सांगते, “नहीं, वो तो लंदन में है।” तेवढ्यावर अर्ज नाकारला जाऊ शकतो किंवा असलेलं नावही ‘स्थलांतरित’ म्हणून निघू शकतं. पुढचं वाक्य आईला आधीच सांगून ठेवा: “प्रवासी मतदाता है, फॉर्म ६ए भरा है।” अर्जाचा क्रमांक कागदावर लिहून दाराजवळ ठेवा आणि पासपोर्टची एक प्रत घरी असू द्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात यादीची विशेष सखोल तपासणी सुरू झाली, तेव्हा घरोघरी फॉर्म आले. अशा वेळी परदेशातल्या मुलाचं नाव वगळलं जाऊ शकतं. तेव्हा यादी एकदा शोधून पाहा. प्रवासी मतदारांची नावं त्या भागाच्या यादीत शेवटी, वेगळ्या विभागात असतात. कुटुंबाच्या घर क्रमांकाखाली शोधलं तर सापडणार नाहीत.

दुसरी अडचण पासपोर्टच्या नूतनीकरणात होते. तिथे लंडनचा पत्ता छापून घेतला की इंदूरचा मतदारसंघ ठरवायला आधारच उरत नाही. शेवटच्या पानावर इंदूरचाच पत्ता राहू द्या. महूचं घर असेल तर लक्षात ठेवा, विधानसभेला महू इंदूर जिल्ह्यात असलं तरी लोकसभेला ते धार मतदारसंघात येतं.

जुन्या साध्या नोंदणीवर नाव तसंच ठेवून सुट्टीत येऊन मत देणारे अनेक आहेत. कृपा करून असं करू नका. प्रवासी मतदाराला मतदार ओळखपत्र मिळत नाही, जुनं असेल तर परत करायचं असतं. केंद्रावर मूळ पासपोर्टच लागतो, झेरॉक्स चालत नाही.

२०२४ च्या लोकसभेला देशभरात १,१९,००० हून अधिक प्रवासी मतदार नोंदले गेले होते. प्रत्यक्ष मत दिलं ३,००० हून कमी लोकांनी, आणि त्यातले बहुतेक केरळचे. परदेशी राहणाऱ्या कोट्यवधी भारतीयांपुढे हा आकडा मला फार बोचतो. पंतप्रधान मोदींच्या सभांना न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन २०१४ साली भरलं, लंडनचं वेम्बली २०१५ साली, ह्यूस्टन २०१९ साली. ढोल, लेझीम, सिनेमाची गाणी, मग भाषण; परदेशातल्या सभा हा आता आपल्या लोकप्रिय संस्कृतीचाच भाग झाला आहे. त्या गर्दीत आनंद खरा असतो. पण तिथल्या अनेकांनी परदेशी नागरिकत्व घेतलेलं असतं, आणि ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांना घरचं मत द्यायला विमान पकडावं लागतं. ज्या नेतृत्वाला, मग ते कुठल्याही पक्षाचं असो, आमच्या टाळ्या हव्या असतात, त्याने आमच्या मतपत्रिकेचीही सोय करावी.

प्रयत्न झाला नाही असं नाही. दुसऱ्यामार्फत मत देण्याचं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं. तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी इंदूरच्या खासदार, आपल्या ताई, सुमित्रा महाजन होत्या. राज्यसभेत ते अडलं आणि २०१९ साली लोकसभेबरोबर ते रद्द झालं. २०२० साली आयोगाने टपाली मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याचा प्रस्ताव सरकारपुढे ठेवला. मला हा दुसरा मार्ग जास्त पटतो. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांचा शब्द मोठा असतो. मुलाचं मत काका किंवा बाबा देणार असतील, तर ते कोणाचं मत हे सांगणं कठीण. टपाली मतपत्रिका स्वतः भरता येते. आणि ही यंत्रणा नवी नाही. सैनिकांना आणि परदेशी वकिलातींत नेमलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना आज ती मिळते. लंडनच्या उच्चायुक्तालयातला अधिकारी इथून मत पाठवू शकतो, पण त्याच रस्त्यावरच्या दवाखान्यातली इंदूरची नर्स नाही. या भेदाला मला काहीही समर्थन दिसत नाही.

इंदूरच्या मताचं मोल कमी नाही. २०२४ साली काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, तो २९ एप्रिलला, मतदानाच्या दोन आठवडे आधी. त्यावर २,१८,६७४ जणांनी नोटाचं बटण दाबलं. त्याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असेल, पण प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन केलेली ती नोंद सगळ्या देशाने पाहिली. बाहेरून नुसती चर्चा करणाऱ्या आमच्यासारख्यांची अशी कुठलीच नोंद होत नाही.

कायदा बदलेपर्यंत तिकिटाचं गणित आधीच मांडावं लागेल. लोकसभेची घोषणा ते इंदूरचं मतदान, २०२४ साली साधारण आठ आठवडे मिळाले. विधानसभेला २०२३ मध्ये ९ ऑक्टोबरला घोषणा आणि १७ नोव्हेंबरला मतदान, म्हणजे सहा आठवडेही नाहीत. मात्र २०१३, २०१८ आणि २०२३, तिन्ही वेळा मध्य प्रदेश विधानसभेचं मतदान नोव्हेंबरात झालं. २०२३ ला दिवाळी १२ तारखेला होती, घरी आलेल्यांना पाच दिवस जास्त थांबणं पुरेसं होतं. पुढची विधानसभा २०२८ च्या अखेरीस आहे. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव जात नाही, म्हणून ६ए त्या वर्षाच्या उन्हाळ्यापूर्वीच भरून टाका आणि सुट्टी मागताना परतीची तारीख मतदानानंतरची धरा.