कोलकात्यात गोड कुठे खायचं? तुम्ही विचारलंत म्हणून

ओळखीतल्या कोणीही कोलकात्याची तिकिटं काढली की मला मेसेज येतोच, आणि तो साधारण एकच असतो, "तू तिकडे सारखी जातेस ना, गोड आणि चटरमटर खायला बेस्ट दुकानं कुठली, एक लिस्ट पाठव ना." लिस्ट मी पाठवत नाही. लिस्ट नेटवर ढीगभर आहेत आणि त्यातली नावं बहुतेक बरोबरच असतात. पण होतं काय की माणसं ती लिस्ट घेऊन हॉटेलपासून जवळ काय, लांब काय असं बघत फिरतात, सकाळी अकराला भजी शोधतात, दुपारी चारला कोचुरी मागतात, आणि परत आल्यावर मलाच सांगतात की नाव मोठं आहे पण एवढं काही नव्हतं हं. अहो नसणारच. त्या शहरात कुठल्या दुकानात गेलात यापेक्षा किती वाजता गेलात हे जास्त महत्त्वाचं आहे, माझं उत्तर खरं तर एवढंच आहे, पण एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळ कोचुरीची. आपल्याला कचोरी म्हटलं की ती जाड, खुसखुशीत, मूगडाळ भरलेली आठवते, ही तशी नाही, ही पातळ, मऊ, पुरीच्या जवळची, आणि सोबत छोलार डाल म्हणजे हरभऱ्याची डाळ, त्यात खोबऱ्याचे बारीक तुकडे आणि चवीला किंचित गोडसर. आमटीत गूळ घालणाऱ्या आपल्या लोकांना ती पहिल्या घासातच आवडते. कॉलेज स्ट्रीटजवळ पुटीराम नावाचं जुनं दुकान आहे, तिथे सकाळी जा, आजूबाजूला पुस्तकांची दुकानं उघडत असतात, समोर गरम कोचुरी येतात, आणि नाश्ता झाला की चालत चालत पुस्तकं बघायची. पोट मात्र इथे भरायचं नाही हे आधीच ठरवून जा, पुढे दिवस मोठा आहे. आणि रविवार असेल आणि उठवत असेल तर टिरेट्टा बाजार, पोद्दार कोर्टच्या जवळ, तिथे चिनी नाश्ता मिळतो, मोमो, बाओ, फिशबॉलचं सूप. पण तो पहाटेचाच खेळ आहे, साडेआठ-नऊला आरामात पोचलात तर रिकाम्या टोपल्या बघून याल.

आता गोडाकडे वळायच्या आधी एक प्रॅक्टिकल गोष्ट, जी आपल्याकडच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. आपण मिठाईच्या दुकानात गेलो की तोंडातून आपोआप "पाव किलो द्या" निघतं. तिथे संदेश, रसगुल्ले वगैरे नगावर मिळतात. एक मागा, एकच देतात, आणि कोणी तोंड वाकडं करत नाही, कारण तिथलेही लोक ऑफिसला जाता-येता उभ्या उभ्या एक-दोन नग खाऊन पुढे जातात. म्हणजे हे अख्खं शहर तुम्हाला चव बघायची मुभाच देतं, आणि तरी आपण तिथे जाऊन बॉक्स भरून घेतो आणि रात्री हॉटेलच्या खोलीत कोरडा पडलेला संदेश खात बसतो! एका दुकानात एकच नग, दोघं असाल तर त्यातलाही अर्धा अर्धा, मग दिवसभरात पाच-सहा दुकानं आरामात होतात.

संदेशासाठी मी सगळ्यांना एकाच ठिकाणी पाठवते, गिरीशचंद्र दे अँड नकुडचंद्र नंदी, लोक नुसतं नकुड म्हणतात. हेदुआजवळ, बेथून कॉलेजच्या बाजूच्या गल्लीत, १८४४ पासूनचं दुकान, आणि तिथे फक्त संदेश मिळतो. रसगुल्ला मागू नका. दुकान बघून पहिल्यांदा गेलेला माणूस हमखास "हेच का ते" म्हणतो, कारण शोकेस, एसी, बसायला टेबलं असलं काही नाही, लोखंडी जाळी आहे आणि जाळीच्या पलीकडे ट्रेमध्ये संदेश मांडलेले. तुम्ही बोट दाखवायचं, आतला माणूस नग उचलून तुमच्या हातात देतो, तो तिथेच रस्त्यावर उभं राहून खायचा. नरम पाकाचा, म्हणजे ओलसर, मागा. बोटांत धरला की कडेने जरा दबतो, जिभेवर ठेवला की आधी दुधाचा वास येतो आणि गोड नंतर कळतं, आणि आपल्या पेढ्यासारखा तो टाळूला चिकटून बसत नाही कारण हा खव्याचा नाहीच, छेन्याचा आहे. तुमच्या मागे रांगेत शाळेच्या दप्तरासकट उभी असलेली एखादी पोरगी तुमच्याआधी खाऊन निघून जाते, तुम्ही अजून विचार करत असता की अजून एक घ्यावा का. घ्या, पण वेगळ्या प्रकारचा घ्या.

छेना म्हणजे दूध फाडून काढलेला ताजा चोथा, आणि सगळी कमाल तो किती मळला आणि चुलीवर किती वेळ ठेवला याची. थोडा वेळ परतला तर नरम पाक, ओलसर, पण त्याच दिवशी खायचा. जास्त परतला तर कडा पाक, घट्ट, काही दिवस टिकणारा. त्यामुळे खायचा नरम आणि गावी न्यायचा कडा, हे एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं. या छेन्याचं तिथे किती वेड आहे म्हणाल तर १९६५ मध्ये दुधाची टंचाई होती म्हणून प्रफुल्लचंद्र सेन मुख्यमंत्री असताना सरकारने चक्क छेन्याच्या मिठायांवर बंदी घातली होती, आणि जुनी माणसं अजून त्या विषयावर गरम होतात. रसगुल्ल्याच्या वादात तर पडूच नका. बागबाजारच्या नवीनचंद्र दासांनी १८६८ मध्ये तो केला असं बंगाली सांगतात, ओडिशावाले म्हणतात आमच्याकडे जगन्नाथाला कधीपासून चढतो, शेवटी २०१७ मध्ये बंगालला आणि २०१९ मध्ये ओडिशाला असे दोघांनाही आपापल्या रसगुल्ल्याचे जीआय टॅग, म्हणजे हा पदार्थ आमच्या प्रदेशाचा असा सरकारी शिक्का, मिळाले, आणि दोन्हीकडचे लोक अजून भांडतातच. एस्प्लनेडला के. सी. दास आहे, ते नवीनचंद्रांच्याच घराण्याचं. रसगुल्ल्याचं मात्र माझं मत असं की मोठ्या नावाच्या मागे फार धावू नये, कुठल्याही गल्लीतल्या चालत्या दुकानात कढईतून नुकताच उतरलेला, अजून कोमट असलेला मिळाला तर तो सगळ्यात भारी. फ्रीजमधला असेल तर राहू द्या.

बहूबाजारला भीम नाग आहे, १८२६ पासूनचं. तिथे संदेश खा, पण मान वर करून भिंतीवरचं घड्याळही बघा, कुक अँड केल्व्ही या साहेबी कंपनीचं, आणि तबकडीवर आकडे बंगाली. मला ते घड्याळ बघायला जाम आवडतं, संदेश हातात तसाच राहतो.

बरं, कधी जावं हेही लोक विचारतात, तर शक्य असेल तर थंडीत, डिसेंबर-जानेवारीत. नोलेन गूड म्हणजे खजुरीच्या रसाचा नवा गूळ तेव्हाच असतो. संध्याकाळी झाडाला मडकं बांधतात, रात्रभर रस ठिबकतो, उजाडायच्या आत उतरवून आटवायला घेतात, कारण ऊन लागलं की रस आंबायला लागतो. रात्र जितकी गार तितका रस चांगला. त्या दोन महिन्यांत दुकानांचा रंगच बदलतो, पांढरे संदेश, पांढरे रसगुल्ले सगळे फिकट बदामी दिसायला लागतात, आणि जलभरा नावाचा संदेश मिळतो त्याच्या पोटात पातळ गूळ असतो, चावताना जरा जपून, शर्टावर येतो. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नका, पण मे महिन्यात "नोलेन गूड आहे का" असं विचारत फिरूही नका, कोणी हो म्हणालं तर तो आता निघालेला नवा गूळ नसतो एवढं समजा.

दुपारी खाणं बंद. हे कोणी ऐकत नाही पण मी सांगते. दुपारी पॅरामाउंटला जाऊन सरबत प्या, कॉलेज स्क्वेअरला आहे, १९१८ पासूनचं, संगमरवरी टेबलं, भिंतीवर शिंगं टांगलेली, आणि डाब शरबत म्हणजे शहाळ्याचं पाणी आणि तळाला मलई. रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी ही रेसिपी दिली असं दुकानातच सांगतात. न्यू मार्केटमध्ये नाहूम आहे, १९०२ पासूनची ज्यूंची बेकरी, तिथला प्लम केक घेऊन ठेवा, तो नंतरही खाता येतो, फक्त नाताळच्या आठवड्यात तिथली रांग बघून चक्कर येईल. पार्क स्ट्रीटच्या फ्लुरीज या जुन्या टी-रूमला फोटोसाठी जायचं असेल तर जा.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मात्र शहर पुन्हा तोंड हलवायला लागतं. तेलेभाजा म्हणजे भजी, वांग्याची बेगुनी, बटाट्याचा आलूर चॉप, कांद्याची पेंयाजी, केळफुलाचा मोचार चॉप, आणि बीट घातलेला लालसर भेजिटेबल चॉप ज्यात मधेच शेंगदाणा आणि खोबरं लागतं. भेजिटेबल लिहिलंय ते मुद्दाम, तिथे तसंच म्हणतात. हातीबागानकडे लक्ष्मीनारायण शॉ यांचं दुकान आहे, नेताजींची जयंती असते त्या दिवशी, २३ जानेवारीला, ते तेलेभाजा फुकट वाटतात. पण हे काही एका दुकानाचं काम नाही, ज्या कढईभोवती ऑफिसमधून सुटलेली माणसं उभी आहेत तिथे आपणही उभं राहायचं, कागदात घ्यायचं, सोबत मुरी म्हणजे कुरमुरे. भज्यांना दुकान लागत नाही, गर्दी लागते, म्हणजे माल पडून राहत नाही आणि तुमच्या हातात येतं ते कढईतूनच येतं.

मग फुचका. इथे मुंबई-पुण्याची माणसं फुशारकी मारत जातात की आम्हाला काय पाणीपुरी दाखवताय. दाखवतात हं. गरम रगडा नाही, गोड चटणी नाही. फुचकावाला तुमच्यासमोर उकडलेला बटाटा हाताने कुस्करतो, त्यात काळे हरभरे, मिरची, भाजलेला मसाला, कोथिंबीर, वरून चिंचेचं पाणी थोडं, परत कुस्करतो, आणि कुस्करता कुस्करता मान न उचलता विचारतो की झाल किती, म्हणजे तिखट किती. हा प्रश्न लाइटली घेऊ नका. गंधराज लिंबू पिळलं की त्याचा वास दोन माणसं पलीकडे जातो. हातात पानाचा द्रोण, एक खाल्ली की दुसरी हजर, मोजायचं काम त्याचं, आणि तो चुकत नाही. सगळं झालं की थांबायचं, पैसे देऊन लगेच निघायचं नाही, शेवटची एक फाऊ मिळते, फुकट, आपल्याकडे सुकी पुरी मागतो तसं. न मागता दिली नाही तर मागा, तो तुमचा हक्क आहे आणि तिथे कोणी तो सोडत नाही! दक्षिणेकडे विवेकानंद पार्कजवळचे फुचकावाले फेमस आहेत, पण रस्त्यात जिथे कॉलेजच्या मुली गोल करून उभ्या दिसतील तिथे बिनधास्त थांबा.

मिष्टी दोई म्हणजे गोड दही, ते रात्री, जेवणानंतर, आणि भांडातलंच, म्हणजे मातीच्या मडक्यातलं, प्लास्टिकच्या कपातलं नको. मातीचं मडकं पाणी शोषून घेतं म्हणून दही घट्ट राहतं. मोठ्या मडक्यातून काढून देत असतील तर वरचा थर मागा, त्याला दोईर माथा म्हणतात, घरात त्यावरून भांडणं होतात म्हणे.

नवीन प्रकारांबद्दल विचाराल तर भवानीपूरच्या बलराम मल्लिककडचा बेक्ड रसगुल्ला एकदा खाऊन बघा, वाईट नाही. चॉकलेट संदेश, मँगो संदेश, ब्लूबेरी काय नि काय, यावर मी काही बोलत नाही, मुलं खातात.

फिरायचं म्हणाल तर टॅक्सीच्या नादी लागू नका. उत्तर-दक्षिण मेट्रोवर जवळजवळ सगळं आहे, नकुडसाठी गिरीश पार्क, कॉलेज स्ट्रीटसाठी महात्मा गांधी रोड, भीम नागसाठी सेंट्रल, न्यू मार्केटसाठी एस्प्लनेड, बलरामसाठी जतीन दास पार्क, आणि स्टेशनपासून दुकानापर्यंत जे चालाल ना त्यानेच पुढची भूक लागते.

आणि हल्ली एक वेगळा प्रश्न यायला लागलाय, ऑफिसच्या कामाने जातोय, एकच संध्याकाळ मोकळी आहे, मग काय. मग सरळ साडेचारला गिरीश पार्कला उतरा, नकुडकडे एक नरम पाक आणि थंडी असेल तर एक जलभरा, तिथून बिधान सरणीवर चालत हातीबागानकडे जा, वाटेत चहा घ्या मातीच्या कुल्हडात, मग तेलेभाजा, मग जो दिसेल तो फुचकावाला. घरच्यांसाठी कडा पाकाचा बॉक्स नकुडकडेच बांधून घेतलेला असू द्या, रसगुल्ल्याचा डबा एअरपोर्टवरही मिळतो, त्यासाठी ती संध्याकाळ घालवू नका.