वर्गणी माझ्या गुगल पेवर घेतली, तिथेच माती खाल्ली

आमच्या सोसायटीतला सहा-सात जणांचा ग्रुप दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनला धावतो (धावतो म्हणजे सेल्फी काढत चालतो), आणि त्या निमित्ताने कॅन्सर झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला पैसे जमवून देतो. यंदा दोन नवीन पोरं आलीयत, म्हणाली काका नियम काय ते सांगा, म्हटलं एकदाच लिहून टाकतो.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. ग्रुपवर माझाच क्यूआर टाकला, म्हटलं सगळे जमले की एकदम पाठवू. ४३ हजार जमले, पाठवले, आणि पावती आली ती अख्खी माझ्या नावाने! बरोबरच आहे ना, पैसे माझ्या खात्यातून गेले, पॅन माझा. इकडे बी विंगमधले रिटायर्ड काका ८०जीच्या (म्हणजे देणगीवर टॅक्सची सूट मिळण्याच्या) सर्टिफिकेटसाठी रोज लिफ्टपाशी गाठायचे, पण ते सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म १०बीई, ज्याच्या पॅनवर देणगी नोंदलीय त्यालाच मिळतं, मी काकांना काय देणार, कपाळ? मी स्वतः त्यावर टॅक्सची सूट घेतली नाही हो, पण सोसायटीत कुजबुज व्हायची ती झालीच. तेव्हापासून पैसे थेट संस्थेच्या खात्यात. आपण फक्त लिंक पाठवायची, आठवण करायची, थँक्यू म्हणायचं.

आणि सूट मिळेल असं कुणाला छातीठोकपणे सांगू नका. नवीन टॅक्स रिजीम घेतलेल्यांना ८०जी मिळतच नाही, आणि रोख दिले तर दोन हजारांच्या वर सूट नाही. "सीएला विचारा" एवढंच बोलायचं.

स्वतःच्या ग्रुपच्या नावाने पावतीपुस्तक छापायची आयडिया दरवर्षी कुणालातरी येतेच. नको. गणपती मंडळांनासुद्धा वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी काढावी लागते, आपण कोण लागून गेलो? पावती संस्थेचीच.

माझा न्यूजर्सीचा आतेभाऊ दिलदार आहे, लगेच म्हणतो किती पाठवू. पण त्याच्याकडे आता अमेरिकन पासपोर्ट आहे, म्हणजे कायद्याने ती परदेशी देणगी झाली, भले तो डोंबिवलीत वाढलेला असो. ती फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, तीसुद्धा स्टेट बँकेच्या दिल्ली मेन ब्रँचमधल्या खात्यात. त्यामुळे आधी संस्थेला विचारायचं, "तू मला पाठव, मी भरतो" हा प्रकार तर अजिबात नाही. भारतीय पासपोर्टवाले एनआरआय असतील तर ही भानगड नाही.

फोटोचं मात्र मी ऐकून घेणार नाही. केस गेलेल्या बाळाचा फोटो टाकला की पैसे पटापट येतात हे खरंय, आम्ही एकदा फॉरवर्ड आलेला तसा फोटो टाकला होता, दुसऱ्या दिवशी संस्थेतल्या ताईंचा फोन, त्या मुलाच्या आईवडिलांनी गावात कुणाला आजार सांगितलाच नव्हता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आता संस्था देईल तोच मजकूर, तोच फोटो.

बाकी किरकोळ. टीशर्टचा आणि रनच्या एन्ट्रीचा खर्च आपल्या खिशातून, देणगीतून नाही. गेटवरचा डबा सीलबंद, उघडताना दोघं हजर, आकडा कागदावर, दोघांची सही. घरकाम करणाऱ्या मावश्यांकडे, वॉचमनकडे मागायचं नाही, स्वतःहून दिले तर घ्यायचे आणि पावतीही द्यायची. मागच्या वर्षी आमच्या मावशींनी ५० रुपये टाकले आणि वर विचारलं, पावती नाही का मिळत? मिळाली. त्यांनी ती फ्रिजवर चिकटवलीय, आमच्याच.

एकदा नाही म्हणाले की परत विचारायचं नाही, लिफ्टमध्ये तर मुळीच नाही.

रविवारी मीटिंग आहे, डबा यंदा कुणाच्या घरी ठेवायचा यावरून आत्तापासूनच भांडण चालूय.