मुठी वळून पोहताना

मंगळवार

आज सरांनी सकाळच्या बॅचला मुठी वळून पोहायला लावलं. पंजा घट्ट मिटायचा आणि फ्रीस्टाइल मारत सुटायचं. पहिल्याच लॅपला कळतं की आपण ज्याला पोहणं म्हणतो त्यातलं बरंचसं काम तळहात करत असतो. मूठ मिटली की पाणी हाती लागतच नाही. हात फिरतायत आणि आपण तिथल्या तिथे! मग नाइलाजाने कोपर उंच ठेवून मनगट ते कोपर या पट्ट्याने पाणी मागे रेटायला लागतो. सरांना तेच शिकवायचं असतं.

दम खात काठाला टेकले तेव्हा पॅरा जलतरणपटू सुयश जाधवची आठवण झाली. त्याच्याकडे तो पट्टाही नाही.

करमाळा तालुक्यातला मुलगा, सोलापूर जिल्हा. वडील स्वतः पोहणारे, त्यांनीच त्याला लहानपणी पाण्यात उतरवलं. अकराव्या वर्षी विजेचा जबर धक्का बसला आणि दोन्ही हात कोपरापासून कापावे लागले. त्याच्यावरचे लेख या अपघातापाशी चांगले पानभर रेंगाळतात. पोहण्याचा भाग मात्र शेवटच्या परिच्छेदात उरकलेला. रिओ पॅरालिम्पिक २०१६, जाकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत २०१८ साली सुवर्ण, २०२० साली अर्जुन पुरस्कार, संपलं. मला नेमकं तिथून पुढचं हवं असतं.

जाकार्ताचं सुवर्ण ५० मीटर बटरफ्लायचं, वेळ ३२.७१ सेकंद. आज डबा खाताना कागदावर गणित मांडलं. म्हणजे सेकंदाला साधारण दीड मीटर. धडधाकट पुरुषाचं कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर धरा पंचेचाळीस सेंटीमीटर. शेवटी भिंत गाठताना हात असलेला पोहणारा बोटं लांबवून भिंतीवरच्या वेळ नोंदणाऱ्या टचपॅडला लावतो. ज्याचे हात कोपरापाशी संपतात त्याला तेवढंच अंतर अख्खं अंग पुढे नेऊन कापावं लागतं. (हात डोक्यापुढे पोचत नसतील तर शरीराच्या वरच्या कुठल्याही भागाने भिंतीला टेकलं तरी नियमात बसतं.) हिशेब केला तर नुसत्या भिंतीपाशीच पाव सेकंदाहून जास्त जातो. स्प्रिंटमध्ये पाव सेकंद म्हणजे काय ते पोहणाऱ्याला सांगायला नको. आणि ही सगळी भरपाई कंबरेतून, दोन्ही पाय जोडून शेपटीसारखे मारायच्या डॉल्फिन किकमधून काढायची.

मग वाटेल, की त्याच्यावर अन्याय होतो. तसंही नाही. तो एस-७ गटात पोहतो. शारीरिक अपंगत्वाचे एस-१ ते एस-१० असे दहा गट, आकडा जितका लहान तितकी अडचण मोठी. गट ठरवायला आधी टेबलावर तपासणी, मग पाण्यात, शिवाय शर्यतीतही नजर. एस-७ मध्ये शेजारच्या लेनला दोन्ही हात शाबूत पण पाय कमजोर असलेला कुणी असू शकतो. तो भिंतीपाशी कमावतो, सुयश किकवर. ही तडजोड मला पटते, पूर्ण नाही, पण पटते. ब्रेस्टस्ट्रोकला तर गटच वेगळा काढलाय, एसबी, कारण तिथे पायांचा वाटा फार.

त्या पायांचे नियमही कडक. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला सुयश बाद ठरला. पदक हुकलं तर निदान वेळ तरी नोंदली जाते, डिसक्वालिफाय झालं की आकडाही नाही. त्याच टोकियोत आपला निरंजन मुकुंदन ५० मीटर बटरफ्लायच्या फायनलला पोचला होता, हे किती जणांना माहीत असेल? पॅरिसला २०२४ मध्ये भारताचे ८४ खेळाडू गेले, त्यांत पोहणारा एकटा सुयश, तिसरं पॅरालिम्पिक.

आणि भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण पाण्यातलंच! इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात जखमी झालेले जवान, हायडलबर्गला १९७२ साली ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत. अर्धशतक उलटून गेल्यावर ८४ मध्ये एक. चिडचिड होते.

संध्याकाळी पास नूतनीकरणाला पुन्हा टँकवर गेले. खोल बाजूला वर यायला स्टीलची शिडी, दोन्ही दांड्या धरल्याशिवाय चढताच येत नाही, आणि तिची शेवटची पायरी पाण्याच्या वर फूटभर. उथळ बाजूला पायऱ्या आहेत, पण संध्याकाळी तिथे शिकाऊ मुलांची रांग. सर ऑफिसात होते. विचारलं, आपल्याकडे असं कुणी कधी आलं होतं का?

"आला होता ना एक पोरगा मागे, एका पायाने अधू. पाण्यात चांगला होता. फिटनेस सर्टिफिकेट आण म्हटलं. सगळ्यांनाच मागतो आपण."

"मग?"

"डॉक्टर सही करेना म्हणे."