घोरपड आणि दोन मावळे

सिंहगडावर तानाजी मालुसरे यांच्या समाधीपाशी थोडा वेळ रेंगाळले की घोरपडीची गोष्ट कानावर पडल्याशिवाय राहत नाही. यशवंती नावाची पाळलेली घोरपड, तिच्या कमरेला बांधलेला दोर, ती मागे फिरताच तिला मिळालेली कापून खाण्याची धमकी आणि मग तिच्या भरवशावर कडा चढून गेलेली फौज. गोष्ट रंगतदार आहे आणि लहानपणी मीही ती डोळे विस्फारून ऐकली आहे. पण मोठी घोरपडसुद्धा पाच-सात किलोंची. ती खडकाच्या फटीत अंग फुगवून घट्ट बसते हे खरे असले, तरी दोराला लोंबकळणारा धिप्पाड मावळा तिने तोलून धरावा, ही अपेक्षा त्या बिचाऱ्या प्राण्यावर अन्यायच करणारी आहे.

कृष्णाजी अनंत सभासदाने या मोहिमेनंतर तीस वर्षांच्या आत, 1697 च्या सुमारास, जिंजीला बसून जी बखर लिहिली तिच्यात घोरपड नाही. तिच्यात आहेत ते चढण्यात तरबेज असे निवडलेले दोन मावळे. ते रात्री वानरासारखे कडा चढून गेले, वरून त्यांनी दोराची माळ सोडली आणि तिच्यावरून तानाजींसह तीनशे माणसे गडावर पोहोचली. त्या दोघांची नावे मात्र सभासद देत नाही. घोरपडीला नाव मिळाले, वंशाभिमान मिळाला, पोवाड्यात जागा मिळाली. हे दोघे राहिले ते नुसते ‘दोन मावळे’.

मला या दोघांविषयी फार कुतूहल वाटते. 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र म्हणजे माघ वद्य नवमी, आणि वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावरच उगवतो. तेव्हा ते त्याआधी चढले असतील तर निव्वळ हाताच्या स्पर्शाने खोबणी शोधत चढले असणार. दोर वाखाचा होता का, त्याचे ओझे एकाने घेतले की दोघांनी वाटून घेतले, पायाखालचा दगड निसटला तर खाली न ओरडण्याचे ठरले होते का? घोरपड आली की हे सगळे प्रश्न संपतात. चमत्काराला तपशील लागत नाही, आणि मला वाटते, म्हणूनच तो आपल्याला आवडतो.

आतकरवाडीच्या पायवाटेने आजही डोक्यावर दह्याची पाटी घेऊन गड चढणाऱ्या बायका दिसतात. वळणावर आपण कमरेवर हात ठेवून धापा टाकत असतो आणि त्या मान जराही न हलवता, दगडाची कड टाचेने चाचपून पुढे निघून जातात. त्यांच्या या सवयीला कोणी पराक्रम म्हणत नाही, त्याही म्हणत नाहीत. त्या दोन मावळ्यांचे कसबही असेच डोंगरात वाढताना अंगात मुरलेले असणार. फरक इतकाच की त्या रात्री वर शत्रूचा पहारा होता.

पुढे तानाजी पडले, सूर्याजीने माणसे सावरली आणि गड घेतला. ते सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीचा एक क्षण मात्र कोणी रंगवत नाही: दमलेल्या हातांनी, अंधारात, आवाज न करता वरच्या खडकाला किंवा झाडाला मारलेली गाठ. ती मारताना त्यांनी घाई केली नाही, म्हणून तीनशेवा माणूस वर येईपर्यंत माळ टिकली.